बांधावरच्या दोन टेंभुर्णी

दिवाळी सरल्यावरची गोष्ट. सांगलीत विश्रामबागला भाजी घेऊन परतताना एका फळगाड्यापाशी थांबले. सफरचंदांच्या शेजारी कागदाच्या तुकड्यांवर बसवलेली केशरी फळं मांडली होती. लांबून टोमॅटो वाटावीत अशी, पण हातात घेतलं की जड आणि गुळगुळीत. गाडीवाला म्हणाला, "अमरफळ आहे ताई, हिमाचलचं. नेऊन तर बघा, साखर आहे नुसती." चार घेतली. घरी येऊन धुतली, ताटलीत ठेवायला गेले तर त्यातलं एक कलंडलं आणि देठाकडची बाजू वर आली. चार वाळक्या पाकळ्यांची कडक टोपी, फळाला घट्ट चिकटलेली. मी तशीच थांबले. ही टोपी माझ्या ओळखीची होती. लहानपणी हिच्याच छोट्या आवृत्तीत पाणी भरून बाहुलीला पाजलं होतं. "अगं बाई, हे तर टेंबूर!" असं मी एकटीच मोठ्यानं म्हणाले.

मुलगा बारावीला आहे. आवाज ऐकून तो आतून आला, कापलेली एक फोड उचलली, उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाला, "आई, ह्यात बीच नाही." खरंच नव्हती. मी त्याला सांगायला लागले की आमच्या टेंबरांत बिया असायच्या, एकेकात चार-पाच, चपट्या, तपकिरी, इतक्या गुळगुळीत की जिभेवरून घसरून थेट घशात जायच्या. शेतात बांधावर टेंभुर्णीची दोन झाडं होती. एकाला टेंबरं लागायची, दुसरं वांझ होतं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आणि म्हणत आले आहे, त्यामुळे म्हणताना जीभ कुठे अडखळली नाही. मुलाची नजर फोडीवरच होती. खाता खाता त्यानं विचारलं, "वांझ होतं, का नर होतं?"

मी सुरी खाली ठेवली.

आमचं गाव विट्यापासून आत, खानापूरच्या माळावर. आता तिथं गेलात तर द्राक्षबागा दिसतील, पण मी सांगते आहे तो काळ शाळू, बाजरी आणि हुलग्याचा. पाऊस आला तर आला. घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात, कुणी मद्रासला, कुणी केरळात, कुणी थेट कलकत्त्याला, सोनं-चांदी आटवत बसलेला. उरलेली माणसं माळावर आभाळाकडे बघत. अशा जमिनीत बांधावर जे टिकतं तेच झाड. बाभळी, लिंब, हिवर, बोरी. आणि आमच्या दोन टेंभुर्णी. दोघींमध्ये तीस-चाळीस पावलांचं अंतर असेल. साल काळीकुट्ट, चौकोनी ढलप्यांत तडकलेली, सुसरीची पाठ असते तशी. पान जाड, चामड्यासारखं, पण पालवी फुटताना तांबूस आणि इतकं लुसलुशीत की त्यावरची लव गालावरून फिरवावी. चैत्र-वैशाखात सगळा माळ करपलेला असताना ही दोनच झाडं नव्या पानांनी भरलेली असायची, आणि गुरं, शेळ्या, गुराखी, आम्ही पोरं, सगळ्यांचा मुक्काम तिथं.

फळाची आठवण सांगायची तर आधी हिरव्या फळाची सांगावी लागेल. दरवर्षी आमच्यातलं कुणीतरी एक घाई करायचं. चावा घेतला की क्षणभर काहीच कळायचं नाही, मग गालांच्या आतून कुणीतरी कापड ओढून घेतल्यासारखं व्हायचं आणि तोंडाला मिठी बसायची. थुंकून, पाणी पिऊन, मातीवर जीभ घासूनही ती जायची नाही. टॅनिन म्हणतात त्याला, हे फार पुढे कळलं. फळ पिकताना ते टॅनिन विरघळेनासं होतं, म्हणून जिभेला लागत नाही आणि आतली साखर कळायला लागते. आत्या पाडाला आलेली टेंबरं बाजरीच्या पोत्यात खुपसून ठेवायची. चार दिवसांनी हात घातला की बाजरीच्या गार दाण्यांत कुठंतरी एक मऊ, ऊबदार गोळा लागायचा. साल पिवळी, थोडी सुरकुतलेली. चिमटीत दाबलं की टोपी सुटायची आणि पिवळाधमक चिकट गर वर यायचा. चिकू आणि सीताफळाच्या मधली चव म्हणता येईल, पण शेवटी एक तुरट कड असायचीच. अमरफळात ती कड नव्हती. गाडीवाल्यानं सांगितल्याप्रमाणे नुसती साखर होती, आणि दुसरी फोड मला खाववली नाही.

दुसरं झाड, जे वांझ म्हणून ओळखलं जायचं, ते खरं तर जास्त देखणं होतं. उंच, डेरेदार, सावली गच्च. न्याहारीची गाठोडी तिथंच सुटायची. आणि उन्हाळ्यात त्याच्याखाली फुलांचा सडा पडायचा. हे मला आता, मुलानं विचारल्यावर, इतकं लख्ख आठवलं की अंगावर काटा आला. बारीक बारीक फुलं, सायीच्या रंगाची, उलट्या ठेवलेल्या इवल्याशा घागरीसारखी. फांदीवर ती एकेकटी नसायची, तीन-चारांचा घोस असायचा. आम्ही मुली ती परकराच्या ओट्यात गोळा करायचो आणि भातुकलीत भात म्हणून वाढायचो. वाडगी भरभरून भात असायचा. पलीकडच्या फळवाल्या झाडाखाली एवढी फुलं कधी मिळाली नाहीत, म्हणून भात आणायला आम्ही ह्याच झाडाकडे पळायचो. एवढी फुलं ज्याला येतात त्याला एक फळ का धरत नाही, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. मोठ्यांना पडला असेल तर त्यांनी त्याचं उत्तर एका शब्दात देऊन ठेवलं होतं.

त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. टेंभुर्णीच्या जातीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. नर झाडाला फुलांचे घोस येतात, मादी झाडाला फूल बहुधा एकेकटं येतं, पानाच्या बगलेत, थोडं मोठं. नर फुलाच्या पोटात पुंकेसर असतात आणि मधोमध बीजकोशाची एक खूण राहिलेली असते, कधी काळी तिथं काही होणार होतं अशी. मादी फुलात बीजकोश भरलेला असतो आणि त्याच्याभोवती पुंकेसर असतात, पण पोकळ, परागाविना. एकाच्या अंगात दुसऱ्याची आठवण असावी असं काहीतरी. मुलाच्या फोडीत बी का नव्हती तेही तिथंच कळलं. ते बाजारातलं अमरफळ टेंभुर्णीच्याच गणगोतातलं, मूळ चीनकडचं. माणसानं शेकडो वर्षं निवडून वाढवलेलं, आणि त्याला पराग न मिळताही फळ धरतं. त्याला नर झाडाची गरजच उरलेली नाही. आमच्या माळावरच्या रानटी झाडाला ती होती.

आपल्याकडे शेतकऱ्याला नर-मादी कळत नाही असं मुळीच नाही. परसातली पपई फुलावर आली की चुलते लांबूनच सांगायचे, "ह्यो नर निघाला," आणि उपटून टाकायचे. भोपळ्याच्या वेलावरचं नर फूल कोणतं हे आत्या मला पाच वर्षांची असताना दाखवत होती. मग टेंभुर्णीच्याच बाबतीत असं का झालं? मला वाटतं, ह्यात भाषेचाही हात आहे. टेंभुर्णी म्हटलं की ती बाई झाली. ती टेंभुर्णी. तिला टेंबरं आली पाहिजेत. आली नाहीत तर तिच्यासाठी आपल्याकडे शब्द तयारच आहे. पपईसुद्धा बाईच, पण ती परसात, डोळ्यांसमोर, आठ-दहा महिन्यांत फळावर येणारी. तिच्यात नफा-नुकसान असतं म्हणून तिच्याकडे निरखून बघितलं जातं. बांधावरच्या झाडाकडे कोण एवढं बघतो? आणि गंमत वाटली ती ही की लॅटिननंही तेच केलंय. जुन्या लॅटिनमध्ये झाडं स्त्रीलिंगी मानतात, म्हणून ह्या कुळातल्या जातींच्या शास्त्रीय नावांतली विशेषणं बघितली तर मोंताना, मलबारिका, व्हर्जिनियाना, सगळी स्त्रीलिंगी. नर झाड असलं तरी.

ह्या प्रजातीचं नाव डायोस्पायरॉस. 1753 मध्ये लिनिअसनं ते पुस्तकात पक्कं केलं. ग्रीक शब्दांची फोड केली तर देवाचा गहू, देवाचं धान्य असा अर्थ निघतो. हा लिनिअस म्हणजे ज्यानं फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून सगळ्या वनस्पतींची वर्गवारी लावली तो. नर-मादी दाखवायला मंगळाचं आणि शुक्राचं चिन्ह वापरायची रीत जीवशास्त्रात त्यानंच आणली. आमच्या झाडाला मात्र नाव दिलं ते रॉक्सबर्गनं, 1795 मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, कोरोमंडल किनाऱ्यावर नेमणूक, आणि जीव सगळा झाडांत. मेलॅनोक्सिलॉन असं नाव दिलं, म्हणजे काळं लाकूड. पुढे त्यानंच आणखी एका टेंभुर्णीला टोमेंटोसा म्हणजे लवदार असं वेगळं नाव देऊन ठेवलं. नंतरच्या अभ्यासकांना दिसलं की ही लव जागेप्रमाणे, वयाप्रमाणे, हवेप्रमाणे कमीजास्त होते, त्यावरून जात वेगळी धरता येत नाही. दोन्ही नावं एकात मिसळली. ज्या लवेवरून मी गाल फिरवत होते तिच्यापायी एका झाडाची पुस्तकात दोन झाडं झाली होती, हे वाचून मला त्या काळातल्या माणसांबद्दल एकदम जवळीक वाटली.

त्याहून मोठी गोष्ट तिच्या पाणथळ बहिणीची. मलबारिका म्हणतात ती. ओढ्या-नद्यांच्या काठानं, ओल्या रानात वाढते. तिच्या फळाचा चीक इतका चिवट की बंगालकडे होड्यांच्या तळाला लावतात, जाळी त्यात बुडवून टिकाऊ करतात. ह्या झाडाला पुस्तकांत किती नावं असावीत! गेर्टनर नावाचा जर्मन पंडित, आयुष्यभर फळं आणि बिया कापून बघणारा. त्याच्यापुढे हिचं फळ आलं. त्यानं 1788 मध्ये तिच्यासाठी एक वेगळी प्रजाती केली आणि नाव दिलं पेरेग्रिना, म्हणजे परदेशी. जिची मुळं इथल्या मातीत, ती परदेशी. दुसऱ्या कुणी तिला गार्सिनियात घातलं. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचं घराणं. आमसुलाची बहीण म्हणून ती काही वर्षं कागदावर नांदली. मग फुलं बघितली गेली, केसर मोजले गेले, ती माहेरी परत आली आणि मलबारिका ठरली. माझ्या मनात आलं, ज्यानं फक्त फळ बघून नाव ठेवलं तो चुकला, आणि आमच्याकडेही फक्त फळच बघितलं गेलं.

आता तर रक्ताची नाती बघावी तशी झाडांची जनुकं बघतात. त्या हिशेबात टेंभुर्णीचं कुळ ज्या गणात बसतं त्यात चिकू आहे, बकुळ आहे, मोह आहे, चहा आहे. आणि तेरडा आहे. भाद्रपदात कासच्या पठारावर जो गुलाबी गालिचा बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, तो वीतभर तेरडा आणि आमच्या माळावरची सुसरीच्या सालीची टेंभुर्णी ही लांबची भावंडं. चिकू आणि मोहापासून ती वेगळी ओळखायची सोपी खूण म्हणजे चिकूचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, टेंभुर्णीचं तोडलं तर येत नाही. ही खूण मी मुलाला सांगितली तेव्हा त्यानं बाल्कनीतल्या कुंडीतल्या चिकूच्या रोपाचं एक पान लगेच तोडून बघितलं. मी रागावले नाही.

माझ्या आजोबांना टेंभुर्णी वेगळ्याच वाटेनं माहीत होती. ते विडी ओढायचे. एकदा त्यांच्या उशाखालची विडी चोरून मी सोडून बघितली. आधी शेपटाकडचा दोरा सुटला, मग तंबाखू सांडली आणि हातात एक तपकिरी, कातरलेलं पान उरलं. शिरा ओळखीच्या होत्या. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "त्येच पान हाय, पर आपलं न्हवं, तिकडचं." तिकडचं म्हणजे विदर्भातलं. गोंदिया, गडचिरोलीकडे उन्हाळ्यात माणसं पहाटेपासून रानात शिरून हे पान खुडतात, पुडे बांधतात आणि त्यावर वर्षातला मोठा खर्च निघतो. तेंदूपत्ता म्हणतात तिकडे. तिकडे पानासाठी ओळखतात, आमच्याकडे फळासाठी, दक्षिणेकडे काळ्या लाकडासाठी. फुलासाठी कुणीच नाही.

आत्याबद्दल सांगायचं राहिलं. ती वडिलांची मोठी बहीण. लग्न होऊन खाली कृष्णाकाठच्या, उसाच्या गावात गेली होती. आठ वर्षांनी परत आली, एका पत्र्याच्या पेटीसकट. मूल झालं नाही, त्यांनी दुसरी केली. एवढंच आम्हाला सांगितलं गेलं आणि एवढंच आम्ही विचारलं. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी तिला नेमकं चुलीपाशी काम निघायचं. शेतात मात्र तिचा हात असा की तिनं टोकलेली शेंग कधी खाडा राहिली नाही. तिची दुपारची जागा ठरलेली, त्या दुसऱ्या झाडाखाली. डोक्यावरचा पदर काढून, खोडाला पाठ टेकून, डोळे मिटून पाव तास बसायची. त्या पाव तासात तिला कुणी हाक मारायची नाही, हे आम्हा पोरांना न सांगता कळलेलं होतं.

मग टेंभूचं पाणी आलं. कऱ्हाडजवळच्या टेंभूपाशी, आगरकरांच्या जन्मगावापाशी, कृष्णेचं पाणी अडवून टप्प्याटप्प्यानं वर उचलत ते आमच्या माळापर्यंत आणलं. लहानपणी मला वाटायचं टेंभू म्हणजे टेंभुर्णींचं गाव असणार. ते पाणी आलं तो दिवस मी विसरणार नाही. कालव्यात पाणी आलं म्हणून लोकांनी नारळ फोडले, ओटी भरली. आत्यानं पायातल्या चपला काढून पाण्यात पाय बुडवले आणि रडली. जन्मभर तिनं डोक्यावरून हंडे वाहिलेले, टँकरच्या मागं धावलेली. त्या पाण्याविरुद्ध एक शब्द बोलायचा मला अधिकार नाही. त्याच पाण्यावर द्राक्षं आली, बेदाणा झाला, माझी चुलत भावंडं शिकली. पण बाग लावायची तर रान सपाट पाहिजे, बांध सरळ पाहिजे, सावली नको. यंत्र आणलं. दुसरं झाड बांधाच्या कोपऱ्यात येत होतं. चुलते म्हणाले, "वांझ झाड ठिवून काय करायचं?" फळाचं झाड भावकीच्या वाटणीला गेलेलं, त्याला कुणी हात लावला नाही.

पाडलं त्या दिवशी योगायोगानं मी गावी होते. खोड कापलं तेव्हा आतलं लाकूड फिकट गुलाबी, आणि अगदी मधोमध काळं. गोल नव्हे, वेडंवाकडं, काजळ सांडून पसरावं तसं. बोट लावलं तर गार, गुळगुळीत. आबनूस म्हणतात ते हेच. करवत चालवणाऱ्यानं तेवढा भाग टणक म्हणून कुरकुर केली. बाकीचं सरपण झालं. टेंभुर्णीचं लाकूड चुलीत घातलं की तडतडतं, ठिणग्या उडतात. घरातल्या बाया ते नको म्हणायच्या, लुगड्याला भोकं पडतात म्हणून. पण ज्वाला कशी! संस्कृतात ह्या झाडाला तिंदुक म्हणतात. महाभारतात विदुला आपल्या हरून घरी बसलेल्या मुलाला सांगते, की कोंड्याच्या आगीसारखा धुमसत बसू नकोस, तिंदुकाच्या कोलितासारखा क्षणभर का होईना पेटून दाखव. हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या चुलीसमोरची आत्या दिसली होती. उडालेली ठिणगी पायानं दाबणारी, आणि त्या वर्षी ते सरपण दुसऱ्या कुणाला लावू न देणारी. सगळं तिनंच जाळलं.

एवढं सगळं त्या दोन शब्दांनी उकरून काढलं होतं. हिवाळा गेला, मुलाची परीक्षा झाली, आणि वैशाखात आम्ही दोघं गावी गेलो. बागांची एप्रिलची खरड छाटणी उरकलेली, काड्यांवर नवी फूट. आत्या आता सत्तरीपुढची. पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले, चार शेंगा फोडल्या आणि सांगून टाकलं, "आत्या, आपली ती बांधावरची टेंभुर्णी वांझ नव्हती गं. नर होती. त्या झाडांत नर वेगळा असतो, मादी वेगळी."

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन शेंगा झाल्यावर म्हणाली, "नर व्हता?"

"व्हय."

"म्हंजी त्येचं काम त्यो करीत व्हता की." आणि मग थोड्या वेळानं, सुपातला पाला फुंकून टाकत, "तरीच. त्यो पाडला आन् पल्याडच्या झाडाला टेंबरं धरायची बंद झाली. धा-बारा वर्सं बगतीय मी. आधी ढीग पडायचा खाली. आता एखाददुसरं, त्येबी लांबनं कुठनं वाऱ्यानं का माशीनं आनलं तर. मी म्हनायची झाड म्हातारं झालं. म्हातारं न्हवं झालं त्ये." तिनं मुलाकडे बघितलं. "माश्याच न्हेत्यात न्हवं रं? त्या झाडाखाली बसलं की वर नुसता गुंजारव असायचा. मी डोळं मिटून त्योच ऐकायची."

मला सांगण्यासारखं पुढे काही राहिलं नव्हतं. पुस्तकं वाचून मी जिथवर आले होते त्याच्या पुढची अर्धी गोष्ट तिच्याकडे दहा-बारा वर्षं पडून होती, आणि तिला ती कुणी विचारली नव्हती. मीसुद्धा नाही. पाव तास ती झोपत नसे, ऐकत असे, हेही मला तिच्या सत्तरीत कळलं.

ऊन उतरल्यावर ती स्वतःहून उठली. "चल, दावते तुला," असं मला नव्हे, मुलाला म्हणाली. कंबरेत वाकली आहे, पण बांधावरून चालताना आमच्या पुढे. बागेच्या कडेला, तारेच्या कुंपणाबाहेर दगडगोट्यांचा एक पट्टा उरलेला आहे. यंत्राला तो वळता आला नसावा. तिथं गुडघ्याएवढी पाच-सहा झुडपं उभी होती. दरवर्षी कुणीतरी बांध पेटवतं, शेळ्या शेंडे खुडतात, बागेवरच्या औषधाचा फवारा उडतो, आणि पावसाच्या आधी ती परत फुटतात असं आत्यानं सांगितलं. मुलगा उकिडवा बसला. त्यानं एका काडीच्या बुडाशी माती उकरली, बोटभर खोलीवर आडवं मूळ लागलं, ते दुसऱ्या झुडपाकडे जात होतं. तो उकरत राहिला, आम्ही उभ्या. मूळ जिथून येत होतं ती दिशा बागेच्या कोपऱ्याची होती. "हे बियांपासून आलेलं नाही," तो म्हणाला. "एकाच मुळावरचे धुमारे आहेत सगळे. म्हणजे हे तेच झाड आहे. नरच."

आत्यानं "व्हय का?" म्हणून विचारलं नाही. तिनं वाकून एका झुडपाचं कोवळं पान दोन बोटांत धरलं, तांबूस, लव अजून न गळलेलं, आणि सोडून दिलं. मग पलीकडे पडलेल्या बोराटीच्या शिऱ्या ओढायला लागली. चुलतभाऊ पंपाकडून येत होता, त्याला तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, इथवर फवारा मारायचा नाही आणि बांधाला काडी लावायची नाही. तो काहीतरी बोलला, वाऱ्यात ऐकू आलं नाही. आम्ही तिघांनी शिऱ्या आणून झुडपांभोवती लावल्या, वर दगड ठेवले. माझ्या तळव्यात काटा मोडला. आत्या म्हणाली, "बुडाकडनं धर, तिथं काटं नसत्यात," आणि पुढची शिरी माझ्याकडे सरकवली.